पहिला पियानो ट्रिओ बसवायचाय? हायडनच्या जी मेजरपासून सुरू करा

पियानो, व्हायोलिन आणि चेलो वाजवणारे तिघे एका खोलीत जमले की चहा यायच्या आत कुणीतरी बेथोव्हेनच्या ‘आर्चड्यूक’चं नाव काढतंच. तो ट्रिओ ऐकायला भव्य आहे यात वाद नाही. पण हौशी वादकांनी पहिलीच कृती म्हणून तो हातात घेतला, तर तिसऱ्या तालमीपर्यंत कुणाचं तरी ऑफिसचं काम निघतं, कुणाच्या तरी घरी पाहुणे येतात आणि विषय तिथेच संपतो. पहिल्यांदा बसवायला माझ्या मते जोसेफ हायडनचा जी मेजर ट्रिओ घ्यावा. तीन भाग, सगळं मिळून साधारण पंधरा मिनिटं, आणि शेवटी असा रोंदो (मुख्य धून पुन्हा पुन्हा परत येते तो प्रकार) की ज्यांनी जन्मात वेस्टर्न क्लासिकल ऐकलेलं नाही त्यांचेही पाय हलायला लागतात.

हे लिहितोय ते अशांसाठी, ज्यांनी आपापल्या वाद्याच्या परीक्षा दिल्यात, एकट्याने बरं वाजवतात, पण दुसऱ्यांबरोबर बसून वाजवायची वेळ आलेली नाही. मी चेलोवाला आहे, त्यामुळे खाली चेलोची बाजू जरा जास्त घेतली जाईल. तेवढं चालवून घ्या.

१. नेमका कुठला ट्रिओ, ते आधी पक्कं करा

पहिला गोंधळ इथेच होतो. हायडनच्या नावावर चाळीसहून जास्त पियानो ट्रिओ आहेत, त्यांतले बरेच जी मेजरमधले, आणि एकाच ट्रिओला वेगवेगळ्या सूचींत वेगवेगळा नंबर. आपल्याला हवा तो होबोकेनने केलेल्या हायडनच्या कृतींच्या सूचीत रोमन आकड्यांतल्या पंधराव्या गटात, पंचविसावा. हाच ट्रिओ पीटर्सच्या जुन्या आवृत्तीत ‘नंबर १’ म्हणून छापलाय आणि हायडनचे अभ्यासक रॉबिन्स लँडन यांच्या क्रमवारीत ‘३९’ म्हणून. नुसतं ‘हायडन, ट्रिओ नंबर १’ एवढंच ग्रुपवर टाकलंत, तर तिघे तीन वेगळे कागद घेऊन उगवायची शक्यता आहे. म्हणून होबोकेनचा नंबर द्या आणि खात्रीसाठी शेवटच्या भागाचं नाव बघा: हंगेरियन ढंगाचा रोंदो, प्रेस्तो. ‘जिप्सी रोंदो’ या टोपणनावानेही तो सापडतो, पण त्या नावाने शोधताना हमखास एकट्या पियानोसाठी सोपी केलेली आवृत्ती समोर येते. ती नको.

थोडी पार्श्वभूमी, कारण वाजवताना ती उपयोगी पडते. हा ट्रिओ १७९५ चा, हायडनच्या दुसऱ्या लंडन मुक्कामातला. तीस वर्षांच्या आसपास एस्टरहाझी या हंगेरियन सरदार घराण्याच्या चाकरीत काढलेला माणूस, वय साठीच्या पुढे, आणि लंडनने त्याला डोक्यावर घेतलेलं. लाँगमन अँड ब्रॉडरिप या लंडनच्या प्रकाशकांनी तीन ट्रिओंचा संच काढला, त्यातला हा मधला. संच अर्पण केलाय रिबेका श्रोटर यांना. या जोहान सॅम्युएल श्रोटर या पियानोवादकाच्या विधवा. हायडनच्या पहिल्या लंडन भेटीत त्या त्याच्याकडे पियानो शिकल्या. त्यांनी हायडनला लिहिलेली पत्रं हायडनने आपल्या वहीत उतरवून ठेवली, म्हणून ती आज वाचता येतात.

वादकांच्या कामाची गोष्ट पुढे आहे. तेव्हा अशा कृती ‘पियानोसाठी सोनाटा, व्हायोलिन आणि चेलोच्या साथीसह’ म्हणून छापल्या जात. म्हणजे तीन समान भागीदार अशी कल्पना इथे नाही. पियानो मालक, व्हायोलिन त्याच्या खांद्याला खांदा लावून, आणि चेलो बहुतेक वेळ पियानोच्या डाव्या हाताचेच स्वर वाजवतो. असं का? त्या काळच्या पियानोचा खर्ज लवकर विरून जायचा. चेलो तोच स्वर गजाने धरून ठेवायचा, त्याला कडा द्यायचा. हे डोक्यात ठेवून तालमी केल्यात, तर अर्धे प्रश्न उभेच राहणार नाहीत.

२. माणसं जमवा

पियानोवादक तयारीचा लागतो. माझ्या अंदाजाने आठव्या ग्रेडच्या आसपासचा, कारण पहिल्या भागाचा शेवट आणि अख्खा रोंदो बोटांची परीक्षा बघतात. व्हायोलिनला सहावी-सातवी ग्रेड पुरते. चेलोला चौथी-पाचवीसुद्धा चालून जाईल, फक्त लयीला पक्का माणूस हवा.

चेलोवाला मिळणं हेच सगळ्यात अवघड. गोव्यात आणि मुंबईत त्यातल्या त्यात सोपं, कारण तिथे चर्चमधल्या संगीताची आणि वाद्यवृंदांची परंपरा जुनी आहे. पणजीची कला अकादमी, मुंबईत एनसीपीएमधली (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाची अकादमी, अशा ठिकाणी शिकणाऱ्या मोठ्या मुलांना विचारा. त्यांना चेंबर म्युझिकचा अनुभव हवाच असतो. विचारताना मात्र स्पष्ट सांगा, की या कृतीत चेलोला एकट्याने गायला जागा जवळपास नाही. नंतर कळलं तर रुसवा होतो.

चौथा माणूसही आत्ताच हेरून ठेवा: पियानोची पानं उलटणारा. त्याला नोटेशन वाचता आलं पाहिजे.

३. नोटेशन: तिघांकडे एकच आवृत्ती

या नियमाला अपवाद नको. मूळ संगीत कधीच हक्कमुक्त झालंय (हायडन १८०९ साली गेला), त्यामुळे जुन्या छापील प्रती नेटवर फुकट मिळतात. पण त्या जुन्या प्रतींत संपादकांनी आपल्या आवडीच्या कमानी, जोर आणि बोटांचे नंबर भरलेले असतात, आणि हायडनने काय लिहिलं नि संपादकाने काय घातलं ते कळायला मार्ग नसतो. शिवाय कित्येक स्कॅनमध्ये बारचे नंबरच नाहीत. तालमीत ‘त्र्याऐंशीपासून घेऊ’ म्हणता आलं नाही की प्रत्येक वेळी दोन मिनिटं बोट ठेवून जागा शोधण्यात जातात.

परवडत असेल तर हेन्लेची किंवा तशी एखादी उर्टेक्स्ट आवृत्ती घ्या, म्हणजे मूळ साधनांवरून तपासलेली. मुंबईत धोबी तलावच्या फुर्ताडोसमध्ये चौकशी करता येते, नाहीतर बाहेरून मागवावी लागते. एक विकत घ्यायची आणि तिघांत खर्च वाटून घ्यायचा. मागवताना व्हायोलिन आणि चेलोची सुटी पानं सोबत आहेत ना, ते नक्की बघा. नुसती अभ्यासाची छोटी प्रत स्वस्त दिसते, पण ती वाजवायच्या कामाची नाही, अक्षर इतकं बारीक असतं.

पियानोच्या प्रतीत तिन्ही वाद्यांच्या ओळी असतात. तारवाल्यांच्या पानावर मात्र फक्त स्वतःची ओळ. म्हणून व्हायोलिन आणि चेलोवाल्यांनी घरी पियानोची प्रत समोर ठेवून एकदा तरी सगळा ट्रिओ वाचावा. चेलोवाल्याने त्यात डाव्या हाताशी आपली ओळ कुठे जुळते आणि कुठे सुटते, तिथे पेन्सिलीने खूण करावी. सुटते त्या जागा थोड्या आहेत, आणि नेमक्या त्याच ऐकू आल्या पाहिजेत.

४. सामानाची यादी

- पियानो. खराखुरा असेल तर उत्तम. डिजिटल असेल तर ८८ पट्ट्यांचा, वजनदार पट्ट्यांचा. ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डवर हे करू नका, डाव्या हाताला जागा कमी पडते आणि हलका-जड स्पर्श कळतच नाही.
- तीन पेन्सिली आणि खोडरबर. पेन नाही. गजाच्या खुणा चार वेळा बदलतात.
- दोन म्युझिक स्टँड आणि कपड्यांचे चिमटे. आपल्याकडे पंखा बंद करून तालीम शक्य नाही, आणि पंखा सुरू असला की पानं उडतात.
- मेट्रोनोम. फोनवरचा चालेल.
- चेलोच्या एंडपिनसाठी (खालच्या टोकदार दांड्यासाठी) पट्टा किंवा जाड पायपुसणं. पॉलिश केलेल्या लादीवर चेलो सरकत सरकत पियानोखाली जातो.
- बिनहाताच्या दोन खुर्च्या. सोफ्यावर बसून चेलो वाजत नाही, हे यजमानांना आधी सांगावं लागतं.
- राळ, व्हायोलिनची जादा ई तार, चेलोची जादा ए तार.
- रेकॉर्डिंगसाठी कुठलाही फोन.

५. सूर पियानोकडून घ्या

व्हायोलिनवाले घरून ट्यूनर ॲपवर वाद्य लावून येतात आणि ‘माझं लागलंय’ म्हणतात. ॲपचा इथे उपयोग नाही. घरच्या पियानोचा ए ४४० वर असेलच याची खात्री नसते. पियानोला वाजवता वाजवता सूर बदलता येत नाही, तुम्हाला येतो, म्हणून ऐकायचं तुम्ही.

त्यातही एक बारकावा आहे. पियानोवाल्याकडून फक्त ए घ्यायचा आणि बाकीच्या तारा पंचमाने जुळवायच्या, ही नेहमीची पद्धत. पण कानाने लावलेला शुद्ध पंचम पियानोच्या पंचमापेक्षा किंचित मोठा असतो, सेमीटोनचे शंभर भाग केले तर त्यातल्या दोनाएवढा. चेलोवर ए पासून सी पर्यंत तीन पंचम उतरायचे. म्हणजे सी तार पियानोच्या सी पेक्षा सहा भाग खाली जाऊन बसते. एकट्याने वाजवताना कुणाच्या लक्षात येत नाही. पण इथे चेलो आणि डावा हात सतत एकच स्वर वाजवतात, तिथे ती फट ऐकू येते. उपाय सोपा: पियानोवाल्याला एकामागून एक ए, डी, जी, सी द्यायला सांगा आणि प्रत्येक तार पियानोशी जुळवा. व्हायोलिननेही चारही तारा तशाच लावाव्यात.

पावसाळ्यात याची जास्त काळजी घ्यावी लागते. हवेतला ओलावा वाढला की पियानोचा सूर चढतो, कोरडी हवा आली की उतरतो. व्हायोलिन-चेलोच्या खुंट्या पावसात फुगून अडकतात आणि डिसेंबरात सैल होऊन घसरतात. मुंबई-कोकणात जुलै-ऑगस्टमध्ये चेलोचे जोड उकलणंही नवीन नाही. कार्यक्रम ठरला असेल तर ट्यूनरला त्याच आठवड्यात बोलवा, दोन महिने आधी लावलेला पियानो कामाचा नाही.

६. बसायचं कसं

ग्रँड असेल तर झाकण छोट्या टेकूवर, पूर्ण उघडं नको. व्हायोलिन पियानोवाल्याच्या बाजूला, म्हणजे श्रोत्यांच्या डावीकडे, आणि चेलो पियानोच्या कमानीत, तोंड श्रोत्यांकडे. चेलोवाल्याला पियानोवाल्याचा डावा हात दिसला तर सोन्याहून पिवळं, निदान खांदा तरी दिसलाच पाहिजे. घरात भिंतीला लावलेला अपराइट असतो, तिथे पियानोवाल्याची सगळ्यांकडे पाठ होते. अशा वेळी पियानो भिंतीपासून ओढून आडवा करा. चार माणसं लागतात, पण पाठमोऱ्या माणसाबरोबर लय सांभाळणं त्याहून अवघड.

डिजिटल पियानोचे स्पीकर बहुतेक वेळा वाजवणाऱ्याकडे तोंड करून असतात. मग त्याला सगळं ऐकू येतं आणि बाकी दोघांना निम्मंच. आवाज थोडा वाढवा, आणि तारवाल्यांनी जवळ सरकून बसा.

७. पहिली तालीम: फक्त चेलो आणि डावा हात

व्हायोलिनवाल्याला पहिल्या अर्ध्या तासासाठी बोलवूच नका. हे ऐकून लोक हसतात, पण ट्रिओ इथेच बसतो किंवा बिघडतो. चेलो आणि पियानोचा फक्त डावा हात, पहिला भाग सुरुवातीपासून शेवटपर्यंत, संथ लयीत.

कान कशावर ठेवायचा? स्वर सुरू कधी होतो यावर सगळेच ठेवतात, पण खरी गंमत स्वर संपतो कधी यात आहे. डाव्या हाताने बोट उचललं आणि चेलोचा गज तारेवर तसाच लोळत राहिला, की ऐकणाऱ्याला सगळं चिखलासारखं लागतं. दोघांनी ठरवा: हा स्वर अर्धा, हा पूर्ण, इथे श्वास. चेलोने गज कमी वापरायचा, तारेला चिकटून, गजाच्या मधल्या भागात. पियानोवाल्याने पेडलवरून पाय काढायचा, निदान या पहिल्या तालमीपुरता. आजच्या मोठ्या पियानोचा खर्ज तसाही भरपूर घुमतो, त्यावर पेडल दाबला की चेलो होता की नव्हता कळत नाही.

हे दोघं एक झाले की व्हायोलिनला आत घ्या. आता पियानोचा उजवा हात सुरू होईल आणि तिघांनाही पायाखाली जमीन लागेल.

८. पहिला भाग, आंदांते: रंग बदलत जाणारी एकच चाल

एक शांत, चालत्या लयीतली धून आणि तिची रूपं. मध्ये जी मायनरचा उदास तुकडा येतो, पुढे ई मायनरचा, त्यात व्हायोलिन पुढे येऊन गातं. शेवटी पियानोचा उजवा हात सुटतो आणि बारीक स्वरांची सर लागते.

सुरुवातीची धून व्हायोलिन आणि पियानोचा उजवा हात एकत्रच वाजवतात, आणि फसायची जागा तीच. व्हायोलिनवाल्याला वाटतं, चाल माझी आहे. मग तो ती गातो, व्हायब्रॅटो घालतो, आणि पियानोपासून वेगळा पडतो. इथे व्हायोलिनने पियानोच्या आवाजाच्या आत राहायचं, एक पायरी हळू. नीट जमलं तर कुठलं वाद्य वाजतंय ते ऐकणाऱ्याला क्षणभर कळत नाही. व्हायब्रॅटो वाचवून ठेवा, ई मायनरच्या तुकड्यात मनसोक्त वापरा. तिथे पियानोने मागे सरायचं, आणि बहुतेक पियानोवाल्यांना ते सांगावं लागतं.

लय ठरवण्याची युक्ती: शेवटचं रूप आधी वाजवून बघा. तिथे पियानोवाल्याची बोटं ज्या वेगात स्वच्छ राहतात, त्या वेगात सगळा भाग सुरू करा. धून सोपी म्हणून आरामात जलद धरली की शेवटाला फजिती ठरलेली. रूप बदललं की थोडी हवा बदलावी, पण दर वेळी नवा वेग नको. पुनरावृत्तीच्या खुणा कुठे पाळायच्या, कुठे सोडायच्या ते आजच ठरवा, तिघांच्या कागदावर लिहा आणि पानं उलटणाऱ्यालाही सांगा. कार्यक्रमात मागे जायचं की पुढे, यावरून पियानोच्या मागे खुणा सुरू झाल्या की श्रोत्यांना दिसतं.

९. दुसरा भाग, पोको आदाजिओ

जी मेजरमधून थेट ई मेजरमध्ये, अचानक खिडकी उघडल्यासारखा. पियानो गातो, मधल्या ए मेजरच्या भागात व्हायोलिन गातं, मग पुन्हा सुरुवातीची चाल. बोटांना सोपा, म्हणून लोक याची तालीमच करत नाहीत. आणि कार्यक्रमात हाच भाग रटाळ होतो.

कारण बहुधा एकच असतं: ‘आदाजिओ’ दिसलं की सगळे संथ होतात, आणि आधीचा ‘पोको’ वाचत नाहीत. थोडासाच संथ, असं तो सांगतोय. तीन मात्रांचा बार एका श्वासात जाईल एवढा वेग ठेवा. पियानोचे ट्रिप्लेट वाहते हवेत, मोजलेले नकोत. चेलोचे लांब स्वर एकाच जोराने ओढू नका, वरच्या चालीबरोबर ते फुगले आणि ओसरले पाहिजेत. ई मेजर तारवाल्यांना अवघड पट्टी आहे, मोकळ्या तारा फारशा मदतीला येत नाहीत. जी शार्प आणि डी शार्प हे दोन स्वर व्हायोलिनवर सवयीने वर जातात. पियानोबरोबर थांबून थांबून तपासा.

१०. रोंदो: वेग शेवटी वाढवायचा

ज्याच्यासाठी सगळा खटाटोप, तो हा भाग. हायडन जिथे आयुष्य काढून आला ते एस्टरहाझींचं राज्य हंगेरीच्या मुलखातलं. सैन्यभरतीच्या वेळी गावात जिप्सी वादकांच्या साथीने नाच चालायचे, वर्बुंकोश म्हणतात त्यांना. त्या नाचांचे ढंग या रोंदोत आहेत, विशेषतः जी मायनरच्या तुकड्यांत: पाय आपटल्यासारखे जोर, तुटक लय, नको तिथे येणारा ठेका.

लोक करतात काय, यूट्यूबवर एखादं रेकॉर्डिंग ऐकतात आणि पहिल्याच दिवशी त्या वेगाने सुरू होतात. १९२७ साली कॉर्तो (पियानो), थिबो (व्हायोलिन) आणि कासाल्स (चेलो) या तिघांनी हा ट्रिओ रेकॉर्ड केला. तो जरूर ऐका, बो आर्ट्स ट्रिओचाही ऐका, पण वेग त्यांच्याकडून घेऊ नका. व्यावसायिक मंडळी मिनिटाला १४० ठोक्यांच्या पुढे जातात. तुम्ही ८० पासून सुरू करा. १२० ला स्वच्छ वाजला तर घरच्या मैफिलीत तो झकास लागतो, कारण या संगीतातली मजा वेगापेक्षा जोर कुठे पडतो यात आहे.

आम्हाला सगळ्यात उपयोगी पडलेली तालीम अशी. मेट्रोनोम लावायचा, पण त्याचा ठोका मात्रेवर धरायचा नाही, दोन मात्रांच्या बरोबर मध्ये धरायचा. मात्रा आपण मनात मोजायची आणि यंत्र मधल्या जागी ‘टक’ करेल. पहिल्यांदा डोकं फिरतं. पण पियानोचे सोळांश स्वर कुठे पळतात ते लगेच उघडं पडतं: बहुतेक वेळा बारच्या दुसऱ्या मात्रेनंतर. ते बसलं की मेट्रोनोम दोन बारांत एकदाच वाजेल असा लावा. मध्ये जे पळायचं ते पळून घ्या, पण समेवर गाठ पडली पाहिजे.

जोराबद्दल व्हायोलिन आणि चेलोवाल्यांना एकच सूचना. जी मायनरच्या तुकड्यात जोर दाबून देऊ नका, तार किंचाळते. गज पटकन सोडा, वेगाने, आणि लगेच हलका करा. आणि चेलोवाल्या मित्रा, इथे तू ढोलकी आहेस. तुझा ठोका हलला की तिघेही हलतात. वर कितीही धुमाकूळ चालू दे, पाऊल मागे-पुढे करू नकोस.

मुख्य धून परत येते तेव्हा प्रत्येक वेळी ती थोडी जास्त जलद होते, हा सार्वत्रिक रोग. उपाय म्हणून तालमीत फक्त त्या परतीच्या जागा वाजवा: मायनरच्या तुकड्याचे शेवटचे चार बार आणि धुनेचे पहिले चार. बाकी काही नाही. कंटाळा येतो, पण काम होतं.

११. कार्यक्रमाच्या आधी

शेवटच्या दोन तालमींत मध्ये थांबायचं नाही. कुणी चुकलं तर तो उडी मारून पुढच्या ओळखीच्या जागी चढतो, बाकीचे चालत राहतात. चढायच्या जागा आधीच ठरवून कागदावर ठळक करा.

फोन श्रोते बसतील तिथे ठेवून एकदा सगळं रेकॉर्ड करा. वाजवताना प्रत्येकाला स्वतःचं वाद्य मोठं ऐकू येतं, त्यामुळे समतोलाबद्दलचे वाद तोंडी मिटत नाहीत, रेकॉर्डिंगवर मिटतात.

हॉलवाल्यांना चार गोष्टी विचारा: पियानोची किल्ली कुणाकडे, शेवटचा कधी लावला, स्टूल वर-खाली होतो का, आणि स्टेजवरचा दिवा नेमका नोटेशनवर पडतो की डोळ्यांत. एसीचा झोत व्हायोलिन-चेलोवर थेट नको. आत गेल्यावर वाद्यं पेटीतून काढून वीस मिनिटं तशीच ठेवा, मग सूर लावा.

पानं उलटणाऱ्याने पियानोवाल्याच्या डावीकडे बसायचं आणि उठून डाव्या हाताने वरच्या कोपऱ्यातून पान उलटायचं, म्हणजे हात वाजवणाऱ्याच्या आड येत नाही. रोंदोत पानं भराभर येतात. त्याला एकदा तरी तालमीला बसवा.

सुरुवातीचा इशारा कोण देणार, तेही ठरलेलं हवं. आमच्यात पहिले दोन भाग पियानो सुरू करतो आणि रोंदो व्हायोलिन. इशारा म्हणजे मान हलवणं नव्हे, ज्या वेगात वाजवायचं त्याच वेगात घेतलेला श्वास. तो ऐकू आला पाहिजे.

१२. पुढचा ट्रिओ कुठला

मोझार्टचा जी मेजर, के. ५६४ (मोझार्टच्या कृतींच्या क्योखेल सूचीतला नंबर), १७८८ चा. हातांना सोपा, आणि तुमचे कान आता तयार झालेले असतील. त्यानंतर बेथोव्हेनच्या ओपस १ मधला पहिला, ई फ्लॅट मेजर. तोही १७९५ सालीच व्हिएन्नात छापला गेला, आणि बेथोव्हेन तेव्हा नुकताच हायडनकडे शिकून बाहेर पडला होता. पण तीनऐवजी चार भाग, आणि चेलोला जरा मोकळं सोडलेलं. हायडन बसवून मग हा घेतला, की काय बदललं ते बोटांना कळतं.

चेलोवाल्याने इतके दिवस निमूट साथ केली त्याचं बक्षीस म्हणून तिसरा मेंडेल्सनचा डी मायनर घ्या, ओपस ४९, १८३९ चा. तिथे पहिली चालच चेलोची आहे. फक्त पियानोची पानं बघून घ्या, काळीकुट्ट आहेत. पियानोवाल्याला सहा महिने आधी सांगा.